घट्ट कणीक, कागदी पोळी: अंड्याच्या पोलिश नूडल्स घरच्या घरी

पहिली पाच मिनिटं मैदा जास्त झाल्यासारखा वाटतो. परातीत कोरडा चुरा, बोटांना चिकटलेला बलक, आणि गोळा काही केल्या जमत नाही. मग आपला हात आपसूक पाण्याकडे जातो, कारण पोळीची मऊ कणीक भिजवायची त्याला वर्षानुवर्षांची सवय. इथे तो हात आवरायचा. पोलिश नूडल्सचं सगळं मर्म या हट्टी, घट्ट कणकेत आहे. ती एकदा जमली की पुढचं लाटणं-कापणं आपल्या हातांना फारसं नवं नाही.

मी मूळची कोल्हापूरची, गेली काही वर्षं पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहते. कोल्हापूरच्या माणसाला पोलंड तसा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि त्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ मी लहानपणापासून पाहिलेला. त्यांच्या स्वयंपाकघराची ओळख मात्र मला इथे आल्यावर झाली, शेजारच्या आजींमुळे. दर शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून लाटण्याचा जड, सावकाश आवाज यायचा. एकदा धीर करून दार वाजवलं. त्यांनी काही विचारण्याआधीच मला एप्रन दिला. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या ओट्याशी शिकलेलं आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू. सुपात घालायच्या या बारीक नूडल्सना पोलिशमध्ये ‘माकारॉन’ म्हणतात. शब्द इटालियनमधून आलेला. अमेरिकेतल्या दुकानांत अशाच अंड्याच्या नूडल्सच्या पाकिटावर ‘क्लुस्की’ लिहिलेलं असतं, पण पोलंडमध्ये क्लुस्की हे मोठं खानदान आहे: उकडलेल्या बटाट्याचे गोळेही क्लुस्की आणि सुपात थेट ओतलेलं पातळ पीठही क्लुस्कीच. दक्षिणेकडे सिलेशियात याच नूडल्सना ‘नुद्ले’ म्हणतात. तुम्ही कुठल्याही नावाने शोधा, आपल्याला हवी आहे ती मैदा आणि अंड्याची, हाताने लाटून सुरीने कापलेली नूडल.

काय लागेल

मैदा ३०० ग्रॅम, अंडी तीन, मीठ चिमूटभर. चार-पाच जणांच्या सुपाला एवढं पुरतं.

दर १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, हा इथला घरगुती हिशेब. दुकानातल्या पोलिश पाकिटांवर ‘चार अंड्यांचा माकारॉन’, ‘पाच अंड्यांचा माकारॉन’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एक किलो पिठाला चार किंवा पाच अंडी. घरच्या हिशेबाने किलोला दहा अंडी होतात. घरच्या नूडल्सची चव वेगळी का लागते, त्याचं उत्तर या आकड्यातच आहे.

पण हा हिशेब पोलिश अंड्याचा आहे, आणि भारतात करताना नेमकी इथेच चूक होते. युरोपात अंड्यांची प्रतवारी वजनावर होते. ५३ ते ६३ ग्रॅमचं अंडं मध्यम, ६३ ते ७३ ग्रॅमचं मोठं. इथे घरोघरी मध्यम नाहीतर मोठंच अंडं वापरतात. आपल्याकडचं साधं अंडं बहुधा याहून लहान असतं, गावरान कोंबडीचं तर आणखी लहान. म्हणून अंडी मोजू नका, तोला. तीन अंडी वाटीत फोडा. कवचाशिवाय १६५ ते १७० ग्रॅम भरली पाहिजेत. कमी भरली तर एक जास्तीचा बलक घाला. तरीही कमी असेल तर उरलेलं कोमट पाण्याने भरून काढा, साधारण एक-दोन चमचे. पाणी घालायचं ते इथेच, तोलून. मळायला सुरुवात केल्यावर अंदाजाने घालायचं नाही.

पोलंडमध्ये पिठाच्या पुडीवर ४५०, ५००, ६५० असे ‘टाइप’चे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ पूर्ण जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. जितकी राख कमी तितका कोंडा कमी, पीठ पांढरं. नूडल्सना इथे ५०० नंबरचं पीठ वापरतात, किंवा ‘क्रुपचात्का’ नावाचं जरा रवाळ दळलेलं पीठ. आपल्या मैद्यालाही तसा रवाळपणा आणता येतो: २५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम चिरोटी रवा. मला तर ही जोडी नुसत्या मैद्यापेक्षा आवडते. नूडल शिजल्यावर दाताला जरा प्रतिकार करते, गिळगिळीत होत नाही. गव्हाची कणीक पहिल्या वेळी नको. तिच्यातला कोंडा पातळ पोळीला भोकं पाडतो.

बलक फिका असेल तर नूडल्सही फिक्या होतील. रंगासाठी हळद घालायचा मोह टाळा. सुपात तिची चव लगेच कळते. बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यावर ठरतो, त्यात आपल्याला काही करता येत नाही.

मळणं

आजी परात वापरत नाहीत. त्यांच्याकडे ‘स्तॉल्नीत्सा’ आहे, म्हणजे ओट्यावर ठेवायचा मोठा लाकडी पाट, ज्याची पुढची कड खाली वळून ओट्याला अडकते. कितीही जोर लावा, पाट सरकत नाही. आपली परात चालेल, खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे फिरणार नाही.

मैद्याचं आळं करा, मध्ये अंडी आणि मीठ. पहिलं कालवणं हाताने नाही, सुरीने. कडेचा मैदा थोडा थोडा आत ओढत सुरीने कापल्यासारखं करत राहायचं. त्याने बलक बोटांना चिकटून वाया जात नाही आणि ओलावा सगळीकडे सारखा पोचतो. पाच मिनिटांत ओलसर चुरा दिसू लागला की सुरी बाजूला ठेवा आणि तळहाताने दाबायला लागा. गोळा होईल. खडबडीत, भेगाळलेला होईल, पण होईल. दोनतीन चमचे कोरडं पीठ खाली उरलं तर ते तसंच सोडून द्या, गोळ्यात कोंबू नका.

आता दहा मिनिटं तिंबायची. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, पाव वळसा फिरवा, पुन्हा ढकला. पुरणपोळीची कणीक तिंबण्याइतकं हे सोपं नाही, मनगटं दुखतात. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कणकेचा स्वभाव बदललेला कळतो: भेगा मिटतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. झालं की नाही ते बघायची इथली जुनी खूण अशी: गोळा सुरीने मधोमध कापायचा. कापलेल्या तोंडावर बारीक बारीक हवेची छिद्रं दिसली की मळणं पुरलं. तोंड ठिसूळ, कोरडं दिसलं तर आणखी चार मिनिटं.

बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून यावा. हाताला काहीच चिकटू नये. पुरीच्या कणकेहूनही ही घट्ट असते.

मग गोळा झाकून अर्धा तास ठेवायचा. आजी एक जाड वाडगा गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून कणकेवर पालथा घालतात. वाडग्याची ऊब आणि कोंडलेला ओलावा यांनी वर पापुद्रा धरत नाही. हा अर्धा तास वगळू नका. तिंबताना ग्लूटेन ताणलेलं असतं. ते सैल पडलं नाही तर लाटलेली पोळी पुन्हा पुन्हा आखडत राहते आणि आपण तिच्याशी झगडत बसतो.

लाटणं

एवढ्या कणकेचे तीन भाग केले तर प्रत्येकाची साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची पोळी लाटायची, म्हणजे जाडी एक मिलिमीटरच्या आसपास येते. आपल्या नेहमीच्या पोळपाटावर ती मावणार नाही. ओटा स्वच्छ पुसून त्यावर लाटा, किंवा पोळपाटच वापरायचा असेल तर ६० ग्रॅमच्या सात-आठ लाट्या करा. एक लाटी लाटेपर्यंत बाकीच्या झाकून ठेवा.

पिठी अगदी कमी लावा. फुलक्याला लावतो तेवढी लावली तर ती सगळी पुढे पाण्यात उतरते आणि पाणी खळीसारखं होतं. मधून बाहेर लाटत जा, दर दोनतीन फेऱ्यांनी पोळी उचलून फिरवा. इथलं लाटणं, ‘वावेक’, जाड आणि जड असतं, त्याचं वजनच अर्धं काम करतं. आपलं सडपातळ लाटणं असेल तर अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून उभं राहूनच लाटा.

किती पातळ? खालच्या लाकडाच्या रेघा किंवा फडक्याची वीण पोळीतून पुसट दिसायला लागली की थांबा. नूडल शिजल्यावर चांगलीच फुगते. लाटताना ‘जरा पातळच झाली’ असं वाटलेली पोळी ताटात बरोबर निघते. पहिल्या खेपेला सगळ्यांच्याच जाड होतात, माझ्याही झाल्या होत्या.

वाळवणं

कृतींच्या पुस्तकांत याला एक ओळ मिळते. मला विचाराल तर नूडल्स इथेच साधतात किंवा बिघडतात.

लाटलेली पोळी लगेच गुंडाळून कापली तर थर एकमेकांना चिकटतात आणि सुरीखालून नूडल्सऐवजी जाड गड्डी निघते. फार वाळली तर गुंडाळताना तुटते. आपल्याला या दोहोंमधली अवस्था पकडायची आहे. पोळी स्वच्छ सुती कापडावर पसरा. इथे ती टेबलावरच्या कापडावर नाहीतर खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकून त्यावर घालतात. शनिवारी संध्याकाळी आजींकडे बसायला एक खुर्ची रिकामी नसायची. दहा मिनिटांनी उलटा. मग दर पाच मिनिटांनी कडेला हात लावून बघा. चिकट वाटता कामा नये, पण कडा कडकही होता कामा नये. मऊ चामड्यासारखी, दुमडली तर न मोडता दुमडणारी, असा स्पर्श हवा.

घड्याळ इथे उपयोगी पडत नाही, कारण हवा ठरवते. पोलंडच्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीत पंधरा मिनिटं पुरतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पंख्याखाली पाऊण तास लागला तरी नवल नाही. सोलापूर-नागपूरच्या मे महिन्यात मात्र पोळीसमोरून हलू नका, पाच-सात मिनिटांत कडा कडक व्हायला लागतात. तशा झाल्याच तर ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं वर दहा मिनिटं पसरून ठेवा, बहुतेक वेळा पोळी परत वळते.

आणि उन्हात घालू नका. आपण शेवया-कुरडया उन्हात वाळवतो, म्हणून हात तिकडे वळतो, पण यात कच्चं अंडं आहे. सावलीत, वाऱ्यावर, तेवढाच वेळ.

कापणं

पोळीवर चिमूटभर पिठी भुरभुरा आणि ती सैलसर गुंडाळा, तीनचार सेंटिमीटर रुंदीची चपटी गुंडाळी. घट्ट गुंडाळलीत तर कापताना दाबली जाऊन चिकटेल. जड, धारदार सुरी घ्या. सुपासाठी दोन मिलिमीटर, म्हणजे आगपेटीच्या काडीएवढ्या रुंदीच्या चकत्या. दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून ठेवा. आजी बोलता बोलता, खाली न बघता कापतात. आपण बघूनच कापायचं.

चारपाच चकत्या झाल्या की लगेच बोटांनी सोडवून मोकळ्या करा आणि कापडावर पसरा. सगळी गुंडाळी कापून मग सोडवू म्हटलं तर खालच्या चकत्या दबलेल्या असतात.

आखूड नूडल्स हव्या असतील, लहान मुलांसाठी त्या सोयीच्या, तर गुंडाळण्याऐवजी पोळीच्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, एकावर एक रचा आणि आडव्या बारीक कापा. कडेचे वेडेवाकडे तुकडे फेकायचे नाहीत. कोळशाच्या चुली होत्या त्या काळात इथली मुलं हे तुकडे चुलीच्या तापलेल्या पत्र्यावर भाजून खायची, आणि म्हाताऱ्या माणसांना ती चव अजून आठवते. कोरड्या तव्यावर भाजा, फुगून डाग पडले की तयार.

शिजवणं

मोठं पातेलं, तीन लिटर पाणी, दर लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळून उकळलं की नूडल्स चाळणीत घेऊन पिठी झटका आणि मूठमूठ सोडा, प्रत्येक मुठीनंतर ढवळा. वर तरंगल्या की दोन मिनिटांनी एक खाऊन बघा. ताज्या नूडल्सना तीन मिनिटांहून जास्त क्वचितच लागतात. लगेच वाढायच्या असतील तर फक्त निथळा. थांबायचं असेल तर गार पाणी ओतून चमचाभर तेल चोळून ठेवा.

सुपातच का नाही शिजवायच्या? कारण ‘रोसूव’. पोलंडमध्ये रविवारच्या दुपारचं जेवण म्हणजे बहुतेक घरांत कोंबडीचा हा नितळ रस्सा, आणि त्याची परीक्षा दोन गोष्टींवर होते: रस्सा पारदर्शक हवा आणि वर चरबीचे सोनेरी गोल थेंब दिसले पाहिजेत. त्या थेंबांना इथे ‘डोळे’ म्हणतात. नूडल्सचं पीठ सुटलं की रस्सा गढूळ होतो आणि डोळे मिटतात. म्हणून नूडल्स वेगळ्या शिजवून आधी ताटलीत घ्यायच्या आणि वरून कढत रस्सा ओतायचा.

रोसूवची पूर्ण कृती हा वेगळा विषय, पण पहिल्यांदा करायला इतकं पुरे: हाडांसकट कोंबडी गार पाण्यात ठेवून मंद आचेवर चढवा, आलेला फेस काढत राहा. गाजर, लीक, सेलरीचा कंद, पार्सलीचं मूळ घाला. या भाज्यांच्या जुडीला पोलिशमध्ये ‘व्वॉश्चीझ्ना’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘इटलीकडचा माल’. कंद आणि मूळ मिळालं नाही तर सेलरीचे दांडे आणि पार्सलीचे देठ घ्या. एक कांदा अर्धा चिरून गॅसच्या ज्योतीवर काळा होईतो भाजून टाका, त्याने रंग येतो. तमालपत्र, मिरी, ऑलस्पाइसचे चारपाच दाणे. मग तीन तास, पाण्यावर फक्त अधूनमधून एखादा बुडबुडा येईल एवढीच आच. शेवटी मीठ, गाळणं, वर चिरलेली पार्सली. कुकरला लावू नका. चव येईल, नितळपणा येणार नाही.

याच कणकेचे आणखी प्रकार

तीच पोळी दोन सेंटिमीटरच्या चौकोनांत कापली की ‘वाझांकी’. ते शिजवून परतलेला कोबी, कांदा आणि मशरूम यांच्यात मिसळतात. सोळाव्या शतकात, १५१८ साली पोलंडच्या राजाशी लग्न होऊन आलेल्या बोना स्फोर्त्सा या इटालियन राणीबरोबर हे चौकोन आले असं इथे सांगतात. कापताना मला दर वेळी चकोल्या आठवतात, आकार अगदी तोच.

कणीक किसली किंवा बोटांनी चिमटून दाणे पाडले की ‘झाचेर्की’. ते दुधात शिजवून सकाळी खातात. ज्यांनी आजीजवळ बसून गव्हले-नखुल्या वळल्या आहेत त्यांना ते शिकवावं लागणार नाही.

नाताळच्या आदल्या रात्री याच नूडल्स मध, अक्रोड, बेदाणे आणि वाटलेल्या खसखशीत घोळवतात. इथली खसखस निळसर-काळी असते, आपली पांढरी. आपल्या खसखशीने रंग येणार नाही पण पदार्थ छान होतो. अनारशाला वापरतो तीच, फक्त गरम दुधात भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये चांगली बारीक वाटायची.

ठेवायच्या असतील तर

कापलेल्या नूडल्स पिठी भुरभुरून, हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये दोन दिवस. त्याहून जास्त हव्या असतील तर ताटात मोकळ्या पसरून आधी गोठवा, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगल्या राहतात. शिजवताना गोठलेल्याच उकळत्या पाण्यात टाकायच्या. बाहेर ठेवून सैल होऊ दिल्या तर एक गोळा होतो. दमट हवेत पूर्ण वाळवून बरणीत भरायच्या फंदात पडू नका, अंड्यामुळे ते धोक्याचं आहे.

रविवारच्या शिजवलेल्या नूडल्स सोमवारी उरल्या तर आजी त्या लोण्यावर परततात, वर ताजं, जरा आंबट पांढरं चीज कुस्करतात आणि साखर घालून नातवंडांना देतात. मी त्या चीजच्या जागी घरचं पनीर आणि चमचाभर चक्का एकत्र कुस्करून घालते.